सुलूने चावी वर केली तेव्हा

प्रिय सुलू,

काल सकाळी टेलिफोन खात्याची दोन माणसं आली आणि माझ्या टेबलावरचा मूठ फिरवायचा फोन उचलून घेऊन गेली. त्या जागी गोल तबकडीचा नवा ठेवलाय. मी कौतुकाने उचलला, कानाला लावला आणि सवयीने म्हणालो, "सुलू, मास्तरांना दे गो जरा!"

आत नुसतं घूंऽऽ.

ती माणसं हसली. मीही हसलो, पण जरा उशिराने.

तुला जाऊन सहा महिने झाले. चार दिवसांचा ताप, आणि संपलंच. आज मुद्दाम कागद घेऊन बसलोय, त्याला फोन हे एक कारण. दुसरं कारण असं की काल दाजीने मला एक गोष्ट सांगितली. ती तू मला सांगायला हवी होतीस! थांब, त्यावर येतो. आधी तुझ्याशी जरा गजाली करू दे.

गावच्या टेलिफोन एक्सचेंजात बसून तू आमची भांडणं जोडायचीस, ते सुरू कसं झालं, आठवतं? आपला जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी दुपारी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला ट्रंक कॉल लावून बसलो होतो. तुझ्या बोर्डावर डॉक्टर आणि हायस्कूलचे मास्तर यांची जुंपलेली. मास्तर म्हणत होते, उद्या संगणक माणसापेक्षा चांगला विचार करील. डॉक्टर म्हणत होते, आधी तुमची मुलं करू देत. तू मला म्हणालीस, "शेट, कोल्हापूर लागाक येळ आसा. तवसर ह्या दोघांचा भांडान आयकतंस?" आणि माझी पिन त्यांच्यात खोचलीस.

शेट म्हणायचीस आणि त्याच श्वासात अरे-तुरे करायचीस. सातवीपर्यंत एका बाकावरून भांडलेली माणसं आपण!

मग ती सवयच झाली. दोन ते तीन, ट्रंक कॉल थंडावले की एकेक जण मूठ फिरवायचा आणि तुझ्या बोर्डावरची झाकणं टपटप पडायला लागायची. टीव्हीने मुलं बिघडतात का? माणूस चंद्रावर खरंच उतरला का? शेपटीचा तारा आला त्या वर्षी मास्तरांनी आठवडाभर आम्हाला अंतराळ शिकवलं आणि शेवटी ढगांमुळे कोणालाच काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुमचं विज्ञान आमच्या देवासारखंच. आहे म्हणायचं आणि हात जोडायचे." काय चिडले होते मास्तर!

तुझा नियम एकच. एकदा मी एकाच्या बडबडीला कंटाळून म्हणालो, काढ गो त्याची पिन. तू म्हणालीस, "मी कोणाची पिन काढूचंय नाय. ज्याका आयकूचा नाय, तेना आपलो फोन खाली ठेवचो." मी ठेवला. दोन मिनिटांत परत उचलला.

बर्फाच्या लादीवर टिचकी मारून आत पोकळ आहे की भरीव ते सांगणारा माणूस मी. सायकलवर भुशात गुंडाळलेल्या लाद्या विकून कारखान्यापर्यंत आलो तो या कानांवर. तुझ्या बोर्डाची एक खोड मी पहिल्या आठवड्यातच ओळखली होती. जितके जास्त फोन जोडले जातील तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक व्हायचा. प्रत्येक ऐकणारा थोडा थोडा आवाज काढून घ्यायचा. आवाज एका पायरीने खाली आला की मी समजायचो, आणखी कोणीतरी हळूच उचललाय. बांगड्या वाजल्या की टपालमास्तरांच्या सौ. आणि सगळ्यांच्या मागे एक अगदी हलका श्वास. तो तुझा, ऐकायची चावी खाली केलेली असली की येणारा.

दाजीकडे फोन नव्हता. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्याकडे कुठला फोन असणार? तो एक्सचेंजच्या खिडकीत उभा राहायचा, ओल्या लुंगीने, आणि तू तुझ्याकडचा जादा फोन त्याच्या हातात द्यायचीस. पहिल्या दिवशी मी हरकत घेतली होती. म्हटलं, हा फोनवाल्यांचा वाद आहे. तू म्हणालीस, "दाजीक आवाज आसा, माका फोन आसा. तुझा काय गेला?"

माझं काय जात होतं ते तुला चांगलं ठाऊक होतं! दाजी बोलायचा तो ट्रॉलरविरुद्ध, आणि ट्रॉलरना बर्फ देणार मी. त्याचं एक बोलणं अजून माझ्या कानात आहे. "बाबल्या, तुझो बरफ नाय होतो तेव्हा मासळी रवत नाय होती, म्हणान वाटूची लागा. शेजाऱ्याक, मास्तराक, ज्याचा कोण नाय तेका. आता मासळी रवता आणि आमी बघीत रवतो." मास्तरांनी त्यावर शीतकरणाचे फायदे सांगितले. कोणी ऐकले नाहीत. मीसुद्धा नाही.

आता कबूल करतो. फोनच्या शेजारीच माझं बर्फ फोडायचं मशीन. दाजी बोलायला लागला की मी पायाने बटण दाबायचो. घडघडाट असा व्हायचा की लाइनवर सगळ्यांच्या कानठळ्या बसायच्या. माझी पाळी आली की बंद. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस भर वादात तू म्हणालीस, "शेट, तुझा मशीन बरा हुशार आसा रे! दाजी बोलाक लागलो की जागा होता, तू बोलाक लागलंस की निजता." सगळी लाइन हसली. दाजीचं हसणं तर खिडकीतून थेट रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

महिनाभर मी बटणाला पाय लावला नाही. मग पुन्हा लावायला लागलो. असाच आहे मी.

आणि मग तो वाद. गावात तबकडीचे फोन यायचे होते, पण फोनवाल्यांचा अर्ज हवा होता. मला ते हवे होते. कोल्हापूरसाठी तास तास बसायचं, तोवर इथे लाद्या वितळतात! पण आणखी एक गोष्ट माझ्या पोटात होती. माझे बर्फाचे दर दोनदा दुसऱ्या कारखानदाराला आधीच कळले होते. संशय तुझ्यावर होता. तुला म्हटलंही होतं एकदा आडून. त्यावर तुझं उत्तर, "तुझो दर माका कळाच्या आदी पिंपळाखाली बसलेल्या बायांका कळता. फोनात बोलतंस की दर्याक हाक मारतंस?"

तरी मी बोललो. सगळे लाइनवर असताना, तुझ्याच बोर्डावर, तू जोडलेल्या पिनेतून. म्हणालो, यंत्राला कान नसतात. माणूस मध्ये बसला की सगळ्या गावाच्या गोष्टी एका खोलीत जमा होतात. आमच्या बोलण्यात मध्ये कोणी नको.

सुलू, एक्सचेंजपासून तुझं घर दोन मिनिटांवर. दुपारी अर्धा तास जाऊन अंथरुणावरच्या आईला पेज भरवून यायचीस. यंत्र आलं की तुझी बदली सावंतवाडीला, कुठल्या तरी टेबलावर. मला हे माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं.

मी बोलत असतानाच ते घडलं. तुझा श्वास एकदम नाहीसा झाला. आणि माझा आवाज एका पायरीने वर आला, स्वच्छ, मोठा. मी मनात म्हटलं, झालं! रागावली. कान बंद केला तिने माझ्यावर.

पिन काढली असतीस तर बरं वाटलं असतं. तू ती काढली नाहीस, म्हणून मला जास्तच लागलं. भाषण पुरं केलं, अर्जावर बहुतेकांच्या सह्या झाल्या, अर्ज गेला. त्यानंतर दोन वर्षं तू माझे कॉल जोडत राहिलीस, थट्टाही करत राहिलीस. मी हसायचो, पण तुझ्या खिडकीसमोरून जाताना सायकलची घंटा वाजवायचं सोडून दिलं होतं. तुझ्या लक्षात आलं होतं का गो?

तुझी बदली व्हायच्या आधी तूच गेलीस. बाराव्याला तुझ्या अंगणात सगळा गाव होता. मी खांबाला टेकून उभा होतो. त्या सगळ्यांत तू ज्याच्यावर रागावून गेलीस असा माणूस मी एकटाच, असं मला वाटत होतं.

काल नव्या एक्सचेंजचे पेढे वाटले. दाजी आला होता, पेढा खायला आणि यंत्राला शिव्या घालायला. मी त्याला सहज म्हटलं, सुलू माझ्यावर रागावूनच गेली. त्या दिवशी तिने कान बंद केला, मला ऐकू आलं होतं.

दाजीने हातातला पेढा खाली ठेवला. "मेल्या, तुझे कान ते! मी खिडकीत हुतंय. तिना कानावरचा काढल्यान, चावी वर केल्यान आणि हाताची घडी घालून बसली. मी म्हटलंय, सुलूबाय, राग इलो? तर म्हणता, राग कसलो? मी मधी आयकत बसलंय तर तेचो आवाज तेवढो कमी जाता. डॉक्टरांका आधीच कमी आयकाक येता. बाबल्याचा म्हणणा पुरा पोचाक होया. मगे नाय म्हणाचा तर लोक नाय म्हणतीत."

मी म्हटलं, "मग माका दोन वर्सा कित्याक नाय सांगलंस?"

"तू कधी इचारलंस?"

बरोबर आहे. कधी विचारलं? पण तू तरी सांगायचंस ना, सुलू! "शेट, वाईच मोठ्यान बोल," एवढं म्हणाली असतीस तरी पुरलं असतं. मी तुझ्याविरुद्ध बोलत होतो आणि तू माझा आवाज मोठा करत होतीस. आवाज वाढला हे कानांनी बरोबर पकडलं. कोणी वाढवला, ते मात्र काल दाजीकडून कळलं.

रडायला आलं का? आलं. पण काल रात्री, खरं सांगतो, फार दिवसांनी गाढ झोप लागली.

इकडची खबर म्हणशील तर, तुझी आई बरी आहे. गोळ्या मी आणून देतो, पेज टपालमास्तरांच्या सौ. भरवतात. आज मला विचारत होती, फोन लागता काय रे आता? लागतो, म्हटलं. खरंच लागतो गो. कोल्हापूर एका झटक्यात, आवाज खणखणीत! तबकडीचा फोन यायला हवा होता हे माझं मत आजही तेच आहे. तुझ्यासाठीही बदलणार नाही. बदललं तर तूच हसशील. पण काल दुपारी दोन वाजता फोन मुका पडून होता. एकाशी बोलता येतं, आठ जणांशी भांडता येत नाही.

म्हणून कारखान्याच्या दारात दोन बाकडी टाकली आहेत. या गुरुवारपासून, दोन ते तीन. डॉक्टर येणार, मास्तर येणार, विषय ठरलाय. मला कारखाना वाढवायचा आहे, दुसरं मशीन आणायचं आहे, आणि दाजीचा विरोध आहे. तो आधी बोलणार. रापणीवाले सगळे येणार म्हणे. कदाचित त्याचंच म्हणणं लोकांना पटेल आणि नवं मशीन यायचं राहून जाईल.

तुला वचन देतो, सुलू. दाजी उभा राहिला की मी स्वतः उठून बर्फाचं मशीन बंद करीन. बाहेर टेम्पो उभा असला, ड्रायव्हर हॉर्न मारत असला, तरी दाजीचं शेवटचं वाक्य होईपर्यंत बटणाला पाय लावणार नाही. आणि बाकड्यावर न बसता लांब, भुशाच्या ढिगाशी उभा राहीन, म्हणजे पुढे डॉक्टरांना जागा होईल.

तुझो,
बाबलो
(आता तरी शेट म्हणू नको)