मागून ओढायची फांदी

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. सायंकाळ

पोचलो एकदाचे! नांदेडला आदिलाबादच्या गाडीत बसल्यापासून शिल्पाची टकळी सुरू होती, ती इस्लापूरजवळच्या या मळ्यात पाय ठेवेपर्यंत. लातूर सोडल्यापासून तिला इतकं खुलून बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. बदली माझी झाली, पण मैत्रिणी तिच्या सुटल्या. नांदेडात तिला गवसली ती ही मंडळी. कुणी न पकडलेल्या, कुणी धड न पाहिलेल्या प्राण्यांच्या मागे लागलेली! वर्षातून एकदा शनिवार-रविवार धरून त्यांचा मेळावा भरतो. आज प्रेमाचा दिवस म्हणे. इतरांच्या बायका हॉटेलात जातात, माझी मला जंगलात घेऊन आली.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. गाडी खरंच धडकली की धडकवली, हे सांगण्याचा पगार घेतो. संशय हा माझा धंदा आणि शिल्पाच्या मते आजार. म्हणून तिनं गाडीतच वचन घेतलं, की हे दोन दिवस कुणावर शंका घ्यायची नाही. दिलं. तिचा चेहरा इतका हसरा होता की काहीही दिलं असतं.

मेळाव्याचे म्होरके सिद्धेश्वर, लातूरचे दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे पाहतात. एका गृहस्थांकडे डोहातल्या केसाळ माशाचा फोटो आहे. तो इतका अंधूक की मासाही असेल आणि भिजलेला टॉवेलही. मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. शिल्पानं टेबलाखालून चिमटा काढला.

मळा सरजाबाईंचा. पन्नाशीच्या, स्वतः ट्रॅक्टर चालवतात, आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस दचकावा. जेवायला तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, कडक भाकरी, ठेचा. जेवणावर मात्र माझा कसलाही संशय नाही.

शनिवार. सकाळ

यंदाचा विषय 'मागचा'. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं लावून समजावलं. या भागात म्हणे एक प्राणी आहे, जो माणसाच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो. त्यामुळे त्याचा स्वतःचा ठसा कुठंच सापडत नाही. माणसाचाच ठसा तेवढा खोल होतो. मी मनात म्हटलं, वा! पुराव्याची कटकटच मिटली.

मग सगळे नाल्यापर्यंत चालत गेलो. वाटेवर मऊ फुफाटा, दोन्ही बाजूंना सागाचा वाळका पाचोळा. सगळ्यांच्या शेवटी सरजाबाई, करंजाची एक पानांनी भरलेली फांदी मागून ओढत. सगळ्यांची पावलं पुसली जात होती. विचारलं तर म्हणाल्या, "रीत हाय साहेब. पाऊल मागं ठिवून यायचं न्हाई."

अपघाताच्या जागी कुणी झाडलोट करताना दिसला की आमचे कान उभे राहतात. डॉक्टर खोल पावलांचे फोटो दाखवणार आणि या बाई बाकीची सगळी पावलं पुसणार! कुणीतरी पाठीमागून जाऊन ठसे दाबत असणार, आणि फांदी फिरली की दाबणाऱ्याचा मागमूस राहत नाही. शिल्पाला बोललो नाही. पण ती भारावून ऐकत होती. माझ्या बायकोला कुणी मूर्ख बनवलेलं मला चालत नाही.

शनिवार. दुपार

जेवून मंडळी लवंडली. मी शिल्पाला नाल्याकडे फिरायला काढली. तिनं फांदी उचलली, मी ती काढून घेतली आणि कडब्याच्या गंजीत खुपसली. ती म्हणाली, वचनाचं काय? म्हटलं, माणसांवर शंका घेणार नाही असं ठरलंय, फांदीवर नाही. तिला हसू आलं, पण ती मनापासून हसली नाही.

ती वाटेनं चालली. मी बांधाच्या गवतावरून, म्हणजे तिच्या पावलांची ओळ स्वच्छ राहावी. खोलीच्या दाराशी तिच्या चपलेचा एक ठसा सुरेख उमटला होता. त्यावर गोठ्यातलं घमेलं पालथं घातलं, वर दगड ठेवला. उद्या बाहेरचे ठसे खोल झाले आणि घमेल्याखालचा जसाच्या तसा राहिला, तर लबाडी उघडी पडेल. तिच्या डोक्यातून हे खूळ माझ्याच हातानं निघेल.

येताना पाठीमागे पाचोळा वाजत होता. आम्ही थांबलो की थांबायचा. शिल्पानं माझा हात धरला. मी म्हटलं, वानर असेल.

शनिवार. दिवेलागण

शिल्पा सारखी मागे वळून पाहते. चालताना तिची टाच कुणीतरी मागून दाबतं, असं म्हणते. चप्पल मागून तुडवली जावी तसं. मीच करतोय का, असं विचारलं. मी चार हात लांब उभा होतो.

चप्पल तपासली. टाचेकडे पार दबली आहे. गेल्याच आठवड्यात घेतलेली.

सरजाबाई फांदी शोधत होत्या. मी गंजीकडे पाहिलंही नाही.

रविवार. सकाळ

घमेलं उचललं. दगड जागच्या जागी, कडेचा फुफाटा जसाच्या तसा. कुणी हात लावलेला नाही. हे मी पंधरा ठिकाणी शपथेवर सांगेन.

खाली ठसा बोटभर खोल.

आणि चपलेच्या ठशात बोटं उमटली आहेत. लांब. चपलेला बोटं कुठून येतील?

बाहेरची सगळी ओळही तशीच खोल. नाल्याकडून थेट आमच्या दारापर्यंत.

सरजाबाईंना जाऊन भिडलो. आवाज चढवला, लबाड म्हणालो. त्या भांडल्या नाहीत. ठसा पाहिला आणि एवढंच विचारलं, कुणाचं पाऊल? शिल्पाचं म्हणताच त्यांचा तो दांडगा आवाज बसला. "बाईला भुईला पाय लावू देऊ नगा."

शिल्पाला बाजेवर बसवून चौघांनी उचललं. आधी हसत होती, वरात निघाली म्हणाली. मग तिनं सरजाबाईंचा चेहरा पाहिला आणि रडायला लागली. मला हाका मारत होती. डांबरी रस्त्यावर जीप उभी आहे. तिथं डॉक्टर तिच्याजवळ थांबणार आहेत.

सरजाबाई म्हणतात, ज्यानं ठेवलं त्यानंच पुसायचं. नाल्यापर्यंतचं एकूण एक. नाहीतर ते तिच्या मागं नांदेडपर्यंत येईल. मी फांदी गंजीतून उपसून घेतली. त्या मागून काहीतरी ओरडून सांगत होत्या. मी पळालो होतो. पुसायला काय शिकायचंय?

मी केलं हे. शिल्पाला काही झालं तर

रविवार. नाल्यातला खडक

पुसलं सगळं. घमेल्याखालचं आधी, मग वाटेवरचं एकेक, झाडून, हातानं चोळून. शेवटचं नाल्याच्या काठावर होतं. तेही पुसलं. शिल्पा सुटली. हुंदका आला मला.

मग मागं वळलो.

पुढचं पुसत आलो मी. फांदी पुढं धरून. मागं माझ्या बुटांची ओळ, दारापासून इथपर्यंत. बाई हेच ओरडून सांगत होत्या. हेच —

पाचोळा वाजला. थांबला.

लांबची पावलं खोल झालीत. इथून दिसतात, काळी भोकं. आता जरा अलीकडची. कुणी दिसत नाही —

नाला ओलांडून खडकावर चढलो. दगडावर पाऊल उमटत नाही. इथंच थांबायचं. लिहीत राहायचं. तेवढंच डोकं ठिकाणावर राहतं.

जीपचा हॉर्न. शिल्पाची मला हाक, रवी, रवी. रस्त्याकडूनच. सुखरूप आहे. बरं वाटलं —

वाटेवर कुणीतरी.

शिल्पा. बाजेवरून नेताना होता तोच पिवळा ड्रेस. खाली मान घालून येतेय. ओरडलो, परत जा, पाय खाली ठेवू नकोस —

हॉर्न. शिल्पाची हाक. अजून रस्त्याकडूनच.

ही वर पाहत नाही. माझ्या पावलावर पाऊल ठेवतेय. अनवाणी. बोटं लांब — रात्रभर तिचा ठसा मी जपून ठेवला होता, घमेल्याखाली, मीच —

नाल्याशी थांबली. पाण्यात माझं पाऊल नाही. जाईल. जाईल आता —

खडकाकडे पाहतेय. माझ्या पायांकडे नाही, त्यांच्या खाली, काठाकडे —

चिखल. बुटांना चिखल होता. खडकावर उमटलंय, काठापासून वर —

शर्टानं पुसतोय. एक पुसलं. दुसरं. शिल्पा, तू तिथंच थांब, हाक मारू नकोस —

सगळी पुसली. एकच राहिलं. मी उभा आहे तेच. पुसायचं तर पाय उचलावा लागेल आणि उचललेला पाय ठेवायचा कुठं

मानेवर —

टाचेला कुणीतरी