गाडीत पुरेल असा चार्जर

३ मार्च, मंगळवार

चार्जर लावलेला असताना फोन संपतो! कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. सकाळी निघताना पूर्ण भरलेला. दुपारी बघतो तर पाव. वायर लागलेली, विजेची खूण दिसतेय, सगळं जागच्या जागी — फक्त आकडा खाली खाली.

दोष कुणाला द्यायचा? ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांच्या फोनात ॲप घालून ठेवलंय. गाडी कुठे आहे ते त्यांना दिवसभर दिसत राहतं. ते ॲप फोन नुसतं पितं. त्यात माझे शिकाऊ. दर वळणावर गाडी बंद पाडतात. गाडी बंद पडली की चार्जरचा दिवा जातो, सुरू झाली की उगवतो. आज गणिताच्या बाईंनी — शाळेतून निवृत्त झाल्यात, आता गाडी शिकायची हौस आलीय — एकाच सिग्नलला इतक्या वेळा बंद पाडली की मागचा टेम्पोवाला खाली उतरून विचारपूस करायला आला.

एरवी मी हसलो असतो. पण हा फोन बंद पडून चालणार नाही. हिचं नाव किडनीच्या यादीत आहे. हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय — "फोन कायम चालू ठेवा. कधीही येईल. लागला नाही तर आम्हाला थांबता येत नाही, पुढच्या माणसाला करतो." आणि दुसरं — पेशंटला ताप असला तर त्या दिवशी ऑपरेशन नाही. तेव्हा जपा.

बाकी सगळं डॉक्टर बघणार. माझ्या हातात काय? तर हा एक फोन. आणि तोही मला सांभाळता येईना.

५ मार्च, गुरुवार

हिचं डायलिसिस. मी बाहेरच्या बाकावर. आत हिच्या शेजारच्या खाटेवर पत्तेवाले काका असतात. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हाताने पत्ते मांडतात. त्यांचा आणि हिचा रक्तगट एकच, आणि यादीत ते हिच्या लगेच मागे. "वहिनी, जरा पुढे सरका की, रांग अडलीय," असं दर वेळी म्हणतात. ही दर वेळी हसते.

येताना म्हटलं, समन्वयक बाईंना घरच्या फोनचा नंबरही देऊन ठेवू या. एकावर एक असलेला बरा. ही एकदम चिडली! "मुळीच नको. मी एकटी असताना तो वाजला तर माझे हातपाय गळतील. मोबाईलसुद्धा त्याच पायी बहिणीला देऊन टाकला ना? तुम्हीच बघा काय ते."

बरं. मीच बघतो.

६ मार्च, शुक्रवार

चार्जर आणायला गेलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम. दुकानदाराने अख्खी भिंत दाखवली! काळे, पांढरे, निळ्या दिव्याचे, एक भोक, दोन भोकं, तीन भोकं. प्रत्येकावर "फास्ट" लिहिलेलं. म्हटलं, यातला माझ्या फोनला पुरेल असा कुठला? म्हणाला, "सगळे चालतात." मी म्हटलं, चालतात हो, पण पुरतो कुठला? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोड्यात बोलतोय.

शेवटी दोन भोकांचा घेतला. चांगला जड होता. जड म्हणजे दमदार, असं आपलं माझं अडाण्याचं गणित.

८ मार्च, रविवार

जड आहे. बाकी काही नाही. जैसे थे.

११ मार्च, बुधवार

गणिताच्या बाईंनी निकाल लावला. सिग्नलला गाडी बंद पाडली — अर्थातच — आणि मी किल्ली फिरवतोय तोवर चार्जर उपसून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. मागे भोंगे चाललेत, बाई चष्मा पुसतायत! "सर, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. खोक्यावर जो मोठा आकडा छापलाय तो दोन्ही भोकांचा मिळून आहे. तुमच्या वाट्याला अर्धासुद्धा येत नाही. आणि वायर तर तुमची बाबा आदमच्या काळातली. नळ कितीही मोठा असू दे, पाइप बारीक तर पाणी करंगळीएवढंच यायचं."

मला सर म्हणतात. साठी उलटलेली बाई मला सर म्हणते आणि वर शिकवते! राग आला नाही. उलट बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी मला एखाद्या गोष्टीचं कारण सांगितलं. हॉस्पिटलात कारण विचारलं की "बघू या" म्हणतात.

फोनच नवा घ्या, असंही म्हणाल्या. घेतला असता हो. पण या फोनातून सिम काढायचं, त्यात घालायचं, ते चालू व्हायची वाट बघायची — आणि नेमका तेवढ्यात फोन आला तर? हे त्यांना बोललो नाही. मनातल्या मनातही ते खुळ्यासारखंच वाटतं. पॉवर बँक आणली होती, तीही मुद्दाम चार्ज करावी लागते. मग तिची काळजी वेगळी.

१४ मार्च, शनिवार

पत्तेवाले काकांचा आज मूड नव्हता. पत्ते पिशवीतच. ही म्हणाली, त्यांच्या हातातली शीर सापडता सापडेना, दोनदा टोचलं. जिना उतरताना ही मध्येच थांबली. दम लागला म्हणाली. पूर्वी ही माझ्या पुढे दोन मजले असायची आणि वरून हाका मारायची — "अहो, येताय की मुक्काम करताय?" आज मी एक पायरी खाली उभा राहिलो आणि काय करावं ते कळेना. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढंच.

१६ मार्च, सोमवार

घेतला! एकाच भोकाचा, म्हणजे सगळे वॉट माझे एकट्याचे. सोबत नवी जाड वायर. या वेळी दुकानदारालाच मी वॉट काय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ह्याने फोन थोडा गरम होतो बरं का. चालायचंच." म्हटलं, होऊ दे. थंड पडण्यापेक्षा बरा.

आणि काय सांगू — आकडा वर चढतो! गाडी दहा वेळा बंद पडो, दहा वेळा वर चढतो. समोरच्या काचेला होल्डर चिकटवला आणि फोन त्यात अडकवला, डोळ्यांसमोर. खिशात असला की सारखा चाचपत बसतो. आता मान न वळवता दिसतो.

घरी येऊन हिला दाखवलं, संध्याकाळ होऊनही भरलेला आहे! ही म्हणाली, "स्वतःला मूल झालं तेव्हा एवढे हरखला नव्हता." म्हटलं, तेव्हा माझं काही काम नव्हतं. हिला एवढं हसू आलं की खोकला आला. मग मी घाबरलो.

१८ मार्च, बुधवार

ऊन वाढलं. गाडीत जीव नकोसा होतो. पण एसी लावता येत नाही. या म्हाताऱ्या इंजिनाला एसी लावला की जोर उरत नाही, आणि शिकाऊ माणसाच्या हातात ती पावलोपावली बंद पडते. बंद पडली की चार्जरचा दिवा जातो. म्हणून एसी नाही. घामाने आंघोळ झाली तरी चालेल. फोन भरलेला.

२० मार्च, शुक्रवार

लिहायला नको वाटतंय. लिहितो.

दुपारी गणिताच्या बाई होत्या. आज त्यांनी पहिल्यांदाच गाडी एकदाही बंद पाडली नाही. एकदाही! सिग्नल, चढ, वळण — क्लच असा हळुवार सोडत होत्या की मी त्यांच्या पायांकडेच बघत राहिलो. शाबास म्हणत होतो. गाडी बंद पडली नाही, म्हणून चार्जरही क्षणभर थांबला नाही. आणि सगळा वेळ फोन काचेवर, रणरणत्या उन्हात.

मैदानाशी गाडी लावली तेव्हा बघितलं. पडदा काळा. हात लावला तर चटका बसला. फोन तापला होता आणि तापून स्वतःचा स्वतः बंद झाला होता. म्हणे थंड झाला की चालू होतो. मी तो सीटखाली सावलीत धरला, फुंकर घालत होतो. फुंकर!

चालू झाला. लगेच मेसेज — हॉस्पिटलच्या नंबरवरून फोन येऊन गेल्याचे. एक नाही, तीन.

लावला. समन्वयक बाईंचा आवाज मऊ होता. त्यावरूनच मी समजलो. "आम्ही खूप प्रयत्न केला हो. पुढच्यांना कळवलंय. ते निघालेत."

शेजारून गणिताच्या बाई विचारत होत्या, "सर, काय झालं?" म्हटलं, काही नाही. पहिला गिअर टाका. जाऊ या.

घरी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "आज किती राहिला हो तुमच्या फोनात?" भरलेला आहे, म्हटलं. खोटं नव्हतं. तो भरलेलाच होता.

बाकीचं कुठल्या तोंडाने सांगू? आणि उद्या आत गेल्यावर हिला दिसणारच. हिच्यानंतर कुणाचा नंबर, हे आम्हा दोघांनाही पाठ आहे.

२१ मार्च, शनिवार

बाहेरच्या बाकावर बसवेना. उभाच राहिलो. दाराच्या काचेतून दिसत होतं. हिच्या शेजारची खाट रिकामी. चादर घट्ट ओढून लावलेली.

ही बाहेर आली तर चेहरा उजळलेला! "अहो, काकांना मिळाली! काल झालंसुद्धा ऑपरेशन. बरे आहेत." मी "अरे वा" म्हणालो. तोंडातून निघालं कसं देव जाणे. गाडीत बसलो, किल्ली लावली, आणि ती काही केल्या फिरवता येईना. तीस वर्षं लोकांना गाडी सुरू करायला शिकवतोय.

सगळं सांगून टाकलं. ऊन, काच, वॉट, गणिताच्या बाई, सगळं. माझ्यामुळे गेली गं, म्हटलं. रडलोसुद्धा. पार्किंगमध्ये, लोकांच्या देखत.

हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्यामुळे कशी जाईल? मला आला होता की फोन."

म्हटलं, तुला? कुठे?

"घरच्या फोनवर. मीच मागे तुम्हाला न सांगता त्यांना तो नंबर देऊन ठेवला होता. काल तुम्ही गेल्यावर माझ्या अंगात कणकण होती. तसं त्यांना सांगितलं. ताप असताना करत नाहीत ना ते? मग म्हणाल्या, राहू दे, पुढच्यांना देतो. संध्याकाळपर्यंत उतरलाही ताप. तुम्ही उगाच जिवाला लावून घ्याल म्हणून बोलले नाही." आणि मग, "चला आता. मला भूक लागलीय."

छातीवरचा धोंडा उतरला. किडनी गेली ती गेलीच, पण मी घालवली नाही! किती स्वार्थी विचार. पण खरं सांगायचं तर रस्ताभर मला फक्त तेवढंच वाटत होतं.

२२ मार्च, रविवार

होल्डर काचेवरून काढला. फोन आता सीटच्या बाजूच्या खणात, सावलीत. रात्री किती दिवसांनी झोप लागली.

२४ मार्च, मंगळवार

ही आत गेल्यावर समन्वयक बाईंकडे गेलो. म्हटलं, शुक्रवारी घरी फोन केलात तेव्हा हिला ताप किती होता? पुढच्या वेळी एवढ्या-तेवढ्या तापालाही नाहीच म्हणायचं का? त्यांना कळेना. "घरी? घरचा नंबर कुठाय आमच्याकडे? तुमचा एकच आहे. शनिवारी मी आत आले तेव्हा वहिनींनीच विचारलं मला, आम्हाला फोन का नाही केला म्हणून. मी सांगितलं, बंद होता."

घरचा नंबर सांगितला. त्यांनी लिहून घेतला.

येताना ही गाडीत म्हणाली, "काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही. घरचा नंबर आहे म्हणाल्या त्यांच्याकडे."