काकांच्या उरलेल्या गोळ्या

कशेळे, १४ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा हिला येसूमावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या काकांचं तेरावं पार पडलं. फोन उचलत नाय म्हणून रुसू नको गं. वाजला की पलीकडं कुणीतरी रडायला लागतं, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते. म्हणून तो कपाटात ठेवून दिलाय. कागदावर बरं वाटतं. कमलेशची जीप शेलूपर्यंत येतेच, त्याच्याकडं पत्र देते.

भात कापून झालं. दुपारी पडवीत टेकले की डोळा लागतो आणि हे खळ्यावर उभे दिसतात, धुक्यात असल्यासारखे. बोलत नायत, नुसता हात पुढं करतात. म्हणून रीतीप्रमाणं त्यांच्या वस्तू दान केल्या. छत्री, चपला, टोपी. तुझ्या मेडिकलमधल्या गोळ्याही बाजाराला उतरलेल्या वाडीवरच्या बायांना वाटल्या. एवढं महागाचं औषध वाया का घालवू? साखरेच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या त्यातल्या पारूला दिल्या. फार वाळलीय बिचारी. म्हटलं, अंगात ताकद येईल. त्या दुपारी हे स्वप्नात हसले.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी येसूमावशी

शेलू, १५ नोव्हेंबर २०२५

ती. येसूमावशीस सा. न. वि. वि.

मावशी, तुझं पत्र काउंटरवर उभ्याउभ्या वाचलं. तुझा फोन तर कपाटात, म्हणून कमलेशला थांबवून हे लिहितेय. ती ताकदीची गोळी नाही गं! नागूकाकांची वाढलेली साखर ती खाली आणायची. साखरेचा आजार नसलेल्या, उपाशीपोटी राबणाऱ्या बाईनं खाल्ली तर साखर इतकी उतरते की घाम फुटतो, शुद्ध हरपते, जीवही जातो. आधी पारूला गाठ. गिळता येत असेल तर गूळपाणी पाज. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नकोस. कशीही असली तरी तडक दवाखान्यात ने.

बाकीच्या बायांकडूनही गोळ्या परत घे. चुलीत जाळू नकोस, मोरीत नाहीतर नदीतही सोडू नकोस, तेच पाणी गुरं पितात. आमच्या दुकानात जुन्या औषधांची पेटी ठेवलीय. ती भरली की खास भट्टीत जाळायला जाते. सगळं कमलेशबरोबर पाठव.

चूक माझीही आहे. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मीच बांधून दिल्या आणि उरल्या तर काय करायचं ते सांगितलंच नाही. ओरडले म्हणून लोभ कमी करू नकोस.
तुझी अपेक्षा

कशेळे, १९ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा हिला अनेक आशीर्वाद.

पारू वाचली, हे आधी सांगते.

पत्र हातात पडलं तशी कमलेशला जीप वाडीकडं वळवायला लावली. पारू अंगणात आडवी, घामानं भिजलेली. हाक मारली तर नुसतं हूं म्हणायची. गिळता येत होतं म्हणून घोट घोट गूळपाणी पाजलं, जीपमध्ये डोकं मांडीवर घेतलं. वाटेत डोंगर, झाडं, शेतं सगळं संथ सरकत होतं आणि मला वाटत होतं, मी पुन्हा ह्यांनाच दवाखान्यात घेऊन चाललेय. सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं.

काल ती उठून बसली. मी विचारलं, बाई, तुला होत तरी काय होतं म्हणून गोळी खाल्लीस? म्हणाली, मला काय बी होत नव्हतं. गेलेल्या माणसाचं दान, नाय कसं म्हणायचं? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून खाल्ली.

अपेक्षा, मी तिथंच रडले गं. तेराव्यापर्यंत डोळ्यांत टिपूस नव्हतं आलं. दान कसलं, माझं दुःख मी त्या गरीब बाईच्या पोटात घातलं.

मग घरोघर फिरून गोळ्या गोळा केल्या. येत्या बाजारी वडाखाली बसणार हाय. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका, म्हणून येईल तिला सांगणार. हसू देत हसल्या तर. पिशवी कमलेशकडं दिलीय.

या म्हातारीवर जीव असू दे.
तुझी येसूमावशी

ता. क. खोटं बोलवत नाय. एक पट्टी मी उशाखाली लपवली होती. सहा गोळ्या ह्यांनी खाल्लेल्या, चार तशाच. तीही पिशवीत घातलीय. पेटीत टाकशील तेव्हा ती जरा हळू टाक.