विहिरीतले पाच गोटे

अल्लीपूर,
दि. २ सप्टेंबर २०२४

ती. पद्माताईस,
धाकट्या हरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर मी एकटाच बडबडतो आणि तिकडून नुसता तुझा श्वास ऐकू येतो, याला बोलणं म्हणत नाहीत. म्हणून पत्र. जूनमध्ये लकव्याने तुझी वाचा नेली, उजवा हात नेला, पण डावा ठेवला आहे ना? मग त्याने चार ओळी खरड. मोबाईलवर एक अक्षर दाबलं की भलतंच उठतं, ही तुझी तक्रार तुझ्या नातीने, खुशीने सांगितली, तेव्हा तो नाद सोड. कागद काही पळून जात नाही. अक्षर वाकडं आलं तरी मी गुण कापणार नाही. छत्तीस वर्षं देवळीच्या शाळेत पोरांचे कापले, तेवढ्यानं पोट भरलं.

तुझा सुमीत म्हणत होता की व्यायाम करून घ्यायला येतो त्या मुलाच्या मते जे परत यायचं ते सहा महिन्यांत येतं, पुढे फार आशा धरू नये. म्हणजे दहा डिसेंबर. अजून तीन महिने आहेत. लेकाचं ऐक, नातीचं ऐक, हट्ट करू नकोस. चाळीस वर्षं तू अर्ध्या कारंज्याची पोलकी शिवलीस आणि आता तुझं मशीन चादरीखाली झाकून ठेवलं आहे, हे ऐकून मला जेवण गेलं नाही. तुझ्या भावजयीला, गोपिकाला विचार हवं तर.

सोबत पुडकं आहे. त्या व्यायामाच्या मुलाने दिलेला रबरी चेंडू तू फेकून देतेस म्हणे. बरोबर आहे, चेंडू दाबत बसण्यात कसली मजा? म्हणून पाच सागरगोटे पाठवतो आहे. नाल्याकाठचं ते काटेरी झुडूप आठवतं ना? तिथूनच तोडून आणले. एक वर फेकायचा, तो येईपर्यंत भुईवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. हाताला खेळ वाटला तर तो आपणहून येईल.

काय दिवस होते ताई. चिंचेवर डाबडुबली खेळताना चंद्रभान पडला आणि मार आपल्याला बसला. फुटक्या बांगड्यांचे तुकडे, काडीपेटीचे छाप, माझे कंचे, सगळं एका डालड्याच्या डब्यात. आणि शाळेमागच्या निंबाखाली तू गोटे मांडलेस की एक पोरगी तुझ्यापुढे टिकत नसे. तुझा दुसरा खेळ म्हणजे गोटा फरशीवर घासून तापवायचा आणि माझ्या दंडावर टेकवायचा. तो चटका मी विसरलो नाही. आजच्या पोरांच्या हातात मोबाईल तापतो, तेवढंच काय ते.

आहे तो लोभ असू दे. वाढवायची घाई नाही, आधी हात चालव.

तुझा,
हरी


कारंजा (घाडगे),
दि. १५ सप्टेंबर २०२४

चि. हरीस,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र चार दिवस झाले लिहून राह्यली. डाव्या हाताचं अक्षर हाय, समजून घेजो.

पुडकं पोचलं. खुशीनं गोटे माह्या उजव्या हातात ठेवले अन् माही बोटं मिटवून पाह्यली. मिटत नाईत. गोटे घरंगळून खाटेखाली गेले. खुशीले हा खेळ येत नाई, मले सांगता येत नाई. दोघी नुसत्या पाहात बसलो.

हरी, हे झुडपाचे गोटे नाईत. एकावर तापल्या सुईचे तीन ठिपके हायत. ते मीच टोचले होते, कोणी बदलू नये म्हणून. हे माहेच गोटे होय. बाबानं हे विहिरीत टाकायले लावले होते. मी मागच्या दारात उभी होती. पाच वेळा पाण्याचा आवाज ऐकला. मंग हे तुह्यापाशी कसे आले?

अजून एक विचारतो. मी डाव्या हातानं खेळतो हे बाबाले कोणी सांगतलं? घरात मी डावा हात बाहेर काढतच नव्हती. इतके वर्षं मले वाटे, बाबा कधीतरी निंबाकडून गेले असतील.

कैची उजव्या हातासाठीच बनवतात, तुले माहीत होतं काय? मले आता समजलं. डाव्यानं धरली तं कापड कापत नाई, मुडपते.

लोभ हाय. पण या बारीनं खरं लिहिजो.

ताई


अल्लीपूर,
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
हरीचा नमस्कार. मान वर करून लिहायची लाज वाटते.

तुझं पत्र पंधरा दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. गोपिकाने दोनदा विचारलं की कारंज्याचं काही वाईट आहे का. काय सांगू तिला?

झुडूप खोटं. नाला खोल केला तेव्हाच जेसीबीने ते मुळासकट उपटलं, त्याला दहा वर्षं झाली. गोटे तुझेच. तुझे ठिपके मला दिसले नाहीत. साठ वर्षांनी कोण गोटे ओळखतं, असंही वाटलं.

बाबांना मी सांगितलं.

तू जन्माची डावरी. घरात धाकाने उजव्या हाताने जेवायचीस, पाटीवर उजव्याने लिहायचीस, पण निंबाखाली गोटे मात्र डाव्याने. म्हणून तुला कोणी हरवू शकत नसे. हे फक्त मला माहीत होतं, कारण मी तुझ्या मागे मागे असायचो. तू मला चटका दिलास त्याच संध्याकाळी मी बाबांपाशी गेलो. सहा वर्षांचा होतो, असं लिहिणार होतो. पण चुगली कशाला म्हणतात ते सहा वर्षांच्या पोरालेही समजते. मला लिमलेटची गोळी मिळाली. नारिंगी होती.

बाबा गावाचे गुरुजी, लोकांच्या पोरांना वळण लावणारे, आणि घरची पोरगी डावरी. डाव्या हाताने वाढणारी सून कोण करून घेईल, हे आईचंही पालुपद. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुझा डावा हात लुगड्याच्या काठाने कमरेशी बांधला. दीड वर्ष. फक्त झोपताना आणि शाळेत जाताना सोडत. लोकांना दिसू नये म्हणून.

गोटे विहिरीत टाकायला बाबांनी माझ्याच हातात दिले. मी पाच खडे टाकले आणि गोटे चड्डीच्या खिशात घातले. मला वाटलं, ते माझ्याकडे आले की तुझा हातखंडाही येईल. तसं काही झालं नाही. पुढे तुला परत द्यायचे तर चुगली उघडी पडली असती. मग तुझं लग्न झालं. मग आम्ही दोघं म्हातारे झालो, मी आणि गोटे.

आता माझ्या मनात हे होतं की उजवा आला नाही तर न येवो, तुझा डावा मुळातला हुशार आहे. गोटे दिसले की त्याला ओळख पटेल. डावऱ्यांची वेगळी कैची मिळते म्हणतात. आमचा रत्नदीप दिवाळीला नागपूरहून येतो आहे, त्याच्याकडून मागवली आहे. ताई, डाव्याला बोलावून पाहा. एवढं झालं तर मला माफी मागायचं तोंड राहील.

लोभ ठेव म्हणायचा हक्क मी या पत्रापुरता सोडतो.

हरी


कारंजा (घाडगे),
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. हरीस,
आशीर्वाद.

परवा दहा तारीख झाली. व्यायामाचा पोरगा आला. माहा उजवा हात वर उचलून त्यानं सोडला. हात पडला. त्यानं आपला चेंडू पिशवीत घातला अन् म्हणे, आजी, आता रोज यायची गरज नाई. चांगला पोरगा होय. जाताना पाया पडला.

तुह्या म्हणण्यावरून डाव्याले बोलावलं. रोज सकाळी ओट्यावर बसतो. गोटा वर जाते अन् हात उशिरा पोचते. दोन महिन्यात एकदा झेलला. खुशीनं टाळ्या वाजवल्या, मले हसू आलं, तोंडाच्या एकाच बाजूनं. मले वाटलं, आला. दुसऱ्या दिवशी नाई. तिसऱ्या दिवशी नाई. मंग कधीच नाई.

रत्नदीपनं पाठवलेली कैची चांगली हाय. पण रेषेवर चालत नाई. आनंदाबाईनं हट्टानं एक पोलकं शिवायले टाकलं होतं, मले बरं वाटावं म्हणून. त्याचा गळा मी बिघडवला. ती पुन्हा आली नाई. काल सुमीतनं मशीन विकून टाकलं. मीच मान हलवली. जिथं मशीन होतं तिथली फरशी बाकीच्या फरशीहून नवी दिसते.

हरी, बाबानं कायमचा सोडला तेव्हा माहा डावा हात हलत होता. पण त्याच्यातलं काहीतरी उठून गेलतं. मी लहानशी, कोणाले सांगू? मंग सगळं उजव्याले शिकवलं. वाढणं, सुई, कैची, सही. तो मंदच होता बिचारा, पण साठ वर्षं त्यानं निभावलं. आता तो गेला. अन् ज्याले तू बोलाव म्हणतं, त्याले तुम्ही तवाच घालवलं. माहे दोन्ही हात गेले, हरी. एक देवानं नेला, एक घरच्यानं.

माफ केलं असं लिहून द्यावं म्हणून चार दिवस कागद घेऊन बसली. तू लहान होता. ह्याच उजव्या हातानं तुले राख्या बांधल्या. पण ते अक्षर उमटत नाई. राग आला असं नाई. राग आला असता तं बरं झालं असतं.

गोटे परत पाठवतो. विहिरीत टाकजो. या बारीनं खरंच टाकजो.

लोभ तुटला नाई. त्याले धरायले हात नाई, इतकंच.

ताई


अल्लीपूर,
दि. ३० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
हरीचा नमस्कार.

पुडकं मिळालं त्याच दिवशी विहिरीवर गेलो. विहीर नाही. म्हणजे मला ठाऊक होतं, रोज तिथूनच जातो, पण टाकायला गेलो तेव्हा आठवलं. नळ आले तेव्हा मलबा टाकून बुजवली आणि वर सिमेंटचा ओटा केला. त्यावर पोरं मोबाईल घेऊन बसली होती. मी खिशात हात घालून उभा. शेजारचे नानाजी विचारून राह्यले, गुरुजी, काही हरवलं का. नाही म्हणालो. नाल्यालाही आता पाणी नाही. गोटे परत घरी आणले. तू सांगितलेलं एवढंसं कामही माझ्याकडून झालं नाही.

काल रविवारी सकाळी नऊला गोपिकाला म्हटलं, माझा उजवा हात दुपट्ट्याने कमरेला बांध. तिला वाटलं, म्हातारा बिघडला. पण बांधला तिनं. चहा अंगावर सांडला. सदऱ्याचं बटण लागेना. वरण-भात अर्धा मिशीला, अर्धा मांडीवर. गोपिका हसली नाही, उठून आत गेली. हात दुखत नव्हता ताई, नुसता बांधलेला होता. तरी दुपारपर्यंत मला कोणाला तरी मारावंसं वाटू लागलं. तीन वाजता मी ओरडून सोडायला लावला.

सहा तास. सहासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या मर्जीने बांधून घेतलेला, कोणाचा धाक नाही, आणि सहा तास. तू अकरा वर्षांची होतीस.

माफीचं लिहू नकोस. जे उमटत नाही ते लिहायचं नाही, हे मीच पोरांना शिकवलं. उत्तरही लिहू नकोस, त्या हाताला आता कामाला लावू नकोस. मी महिन्यातून एकदा लिहीत जाईन. तू वाच किंवा खुशीकडून वाचून घे.

एक मात्र काल रात्रभर डोक्यातून गेलं नाही. नाल्याकाठी दुसरे गोटे हवे तेवढे होते, तरी हात बांधल्यापासून त्या दीड वर्षात तू मला एकदाही गोट्याचा चटका दिला नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, ताई सुधारली.

हरी