मावशी, तुझ्या नावाचं पत्र मी उघडलं

नाशिक,
शनिवार, शाळा सुटल्यावर

प्रिय मावशी,

तुझा तेरावा होऊन नऊ दिवस झाले आणि काल तुझ्या नावानं सिलोनहून पत्र आलं. पोस्टमननं ते तुझ्या वसंताच्या हातात दिलं. इंग्रजी आहे म्हणून तो ते घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मालू, तूच वाच. आईला तिकडून कोण लिहिणार?" मी ते फोडलं. तुझं पत्र तुला न विचारता फोडलं, त्याबद्दल आधी माफी मागते. पण ते वाचल्यापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही, आणि बोलायला आता हा कागदच उरला आहे.

आपण सिलोनला गेलो ते दिवस तुला आठवायचे का गं? हिवतापानं तिथली गावंच्या गावं आडवी झाली होती. इथून दोन डॉक्टर निघाले, दवाखान्यातली नर्स म्हणून तू निघालीस, आणि मुलांना सांभाळायला कुणी हवं म्हणून तू माझं नाव पुढं केलंस. नाना ऐकेनात. "लग्नाची पोरगी समुद्रापलीकडे कशी पाठवू?" म्हणाले. तू चहाची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "समुद्र कसला, दाजी? दोन तासांची बोट आहे. सिन्नरला बैलगाडीनं जायला याहून जास्त वेळ लागतो." नाना हसले, आणि तिथंच हरले. बोटीच्या आधी किती दिवस आगगाडीत काढायचे आहेत, ते मात्र तू त्यांना सांगितलं नाहीस.

डोंगरातल्या एका शाळेत मुलांचा दवाखाना मांडला होता. वर्गात चटया, चटयांवर मुलं. पानथरी वाढून पोटं फुगलेली, हातपाय काड्यांसारखे. कुणाची आई गेलेली, कुणाची शेजारच्या खोलीत तापानं फणफणलेली. पहिल्याच दिवशी मी विहिरीमागं जाऊन रडत बसले. तू आलीस, म्हणालीस, "रडून झालं की ये. पेज निवतेय." मला तेव्हा तू फार कठोर वाटली होतीस.

हिवतापावरचं कोयनेल पाजायची वेळ आली की पोरं तोंडं घट्ट मिटून घ्यायची. मी सांगायचे, गोड आहे, प्या. एकदा फसली की दुसऱ्यांदा माझ्या हातून कुणी घ्यायचं नाही. तू त्यांच्या भाषेतला 'कडू' हा शब्द आल्या आल्या शिकून घेतलास. स्वतः चमचाभर घ्यायचीस, तोंड वेडंवाकडं करायचीस, कडू म्हणायचीस, आणि मग चमचा पुढं करायचीस. ती हसायची आणि प्यायची.

आणि कुसुमा. पाच वर्षांची होती. आपण गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिची आई गेली. त्यानंतर ती कुणाशीच बोलेना. एक दिवस मी भांडी घासत होते, तर मागून पदर ओढल्यासारखा झाला. पाहते तर ही. तेव्हापासून ती आणि माझा पदर. मला ती अक्का म्हणायची, त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तुला लोकू अम्मा, म्हणजे मोठी आई. अडीच महिने ती माझ्या कुशीला चिकटून होती.

निघायच्या दिवशी लॉरी फाटकात उभी होती. ड्रायव्हर घाई करत होता. सगळी मुलं ओळीनं उभी केली होती. त्यांच्यातही निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'गिहिन् एन्नम्' म्हणतात, जाऊन येते. आपल्यासारखंच. मी सगळ्यांना तेच म्हटलं. कुसुमानं विचारलं, कधी? मी म्हटलं, लवकर. तिच्या शेजारी सोमा आणि लीला या दोघी बहिणी होत्या. त्यांनाही म्हटलं, लवकर. आणि लॉरीत चढले.

तू चढली होतीस, ती परत उतरलीस. कुसुमासमोर उकिडवी बसलीस. थोडं हिंदुस्तानी समजणाऱ्या तिथल्या मदतनीस बाईंना म्हणालीस, "मी सांगते ते तिला तिच्या भाषेत सांगा." मला वरून ऐकू येत होतं. "आम्ही परत येणार नाही. आमचं घर फार लांब आहे. तू काही चुकलीस म्हणून आम्ही जात नाही. तुला आम्ही विसरणार नाही." बाईंनी सांगितलं. कुसुमानं अशी किंकाळी फोडली की ती आजही माझ्या कानात आहे. लॉरी सुटली, ती मागं धावली, पडली. कुणीतरी तिला उचललं.

मी तुला वाट्टेल ते बोलले. "काय गरज होती? हसत हसत निरोप दिला असता तिनं."

"आणि उद्या?" तू म्हणालीस. "रोज फाटकात येऊन उभी राहिली असती."

"म्हणून तिला रडवायचं?"

"मालू, येते म्हटलं की मोठ्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. पाच वर्षांच्या पोरीला नाही कळत."

नाशिकरोडला उतरेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही नाही. संक्रांतीला तुझ्याकडे तिळगूळ पाठवला तो शेजारच्या मुलीच्या हाती. एकदा तू आलीस, मी शिकवते त्या शाळेत. मी शिपायाकरवी निरोप दिला, वर्ग चालू आहे. वर्ग चालू नव्हता, मावशी. मी खिडकीतून बघत होते. तू बाकावर बराच वेळ बसलीस, मांडीवर पिशवी घेऊन, आणि मग उठून गेलीस. काय होतं त्या पिशवीत?

तुझ्या तापाचं कळलं तेव्हा धावत आले, पण चौथा दिवस होता. तू मला ओळखलं नाहीस. मी तुझ्या कानाशी वाकून माझं नाव सांगितलं, तू वसंताला हाक मारलीस.

आता कालचं पत्र. दवाखाना उठल्यावर या मुलींना ठेवलं, त्या तिथल्या अनाथाश्रमाच्या बाईंचं आहे. त्या लिहितात, तुमचं मागच्या महिन्याचं पत्र पोचलं. मागच्या महिन्याचं? मी ती ओळ तीनदा वाचली. कुसुमा शाळेत जाते. पहिले काही दिवस फार रडली, जेवेना, मग हळूहळू सावरली. लोकू अम्माचं पत्र आलं की ते तिला दोनदा वाचून दाखवावं लागतं. पुढं लिहिलं आहे, सोमा आणि लीला मात्र अजून मोटरचा आवाज आला की फाटकाकडे धावतात.

आज सकाळी मी तुझ्या दवाखान्यात गेले. तुला इंग्रजी येत नव्हतं, मग पत्रं लिहिली कुणी? कंपाउंडर करीमभाई बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होते. म्हणाले, "मीच लिहायचो, बाई. दर महिन्याला दुपारी गर्दी हटली की त्या यायच्या. माझं इंग्रजी काय, औषधाच्या चिठ्ठीपुरतं. एकदा मी म्हटलं, तुमची भाची तर मास्तरीण आहे, तिला का नाही सांगत? तर म्हणाल्या, तिला वाटेल मी तिची चूक दाखवायला आले. पोरीचा जीव होता त्या मुलांवर. राहू दे."

मी तिथंच स्टुलावर बसले. करीमभाईंनी पाणी दिलं, आणि दुसरीकडे तोंड करून चिठ्ठ्या डकवत राहिले.

मावशी, का नाही सांगितलंस गं? मी चिडले असते, भांडले असते, पण आले असते. माझ्या त्या खोट्यावर विसंबून दोन मुली वर्षभर फाटकाकडे धावतायत, आणि मी इथं समजत होते की मुलांना दुखवलंस ते तू. वर्गाच्या खिडकीत लपून राहिलेली मी, तुझ्यासमोर आले असते तर निदान 'चुकलं माझं' एवढं तरी म्हणता आलं असतं.

हे पत्र संपलं की मी दुसरं लिहायला घेणार आहे. सोमा आणि लीलाला लिहीन की लवकर येते असं मी सांगितलं ते खरं नव्हतं. मला येता येणार नाही. तुम्ही फाटकाकडे धावू नका. माझ्यावर रागावलात तरी चालेल.

आणि कुसुमाला लिहीन की लोकू अम्मा वारली. दूर गेली, झोपली, देवाघरी बोलावलं, यातलं काहीही लिहिणार नाही. तिला ताप आला आणि ती वारली, तुझ्या बाईंचं पत्र तिच्या हाती पडलं नाही, म्हणून मी वाचलं, असंच लिहीन. ती रडेल. त्या बाईंना विनंती करीन की तेव्हा तिच्याजवळ बसा.

यापुढं दर महिन्याला मी लिहीन. हे तुला माझं वचन. पाकिटावर माझं नाव आणि शाळेचा पत्ता घालीन, म्हणजे त्या पोरींना मला काही सुनावायचं असेल तर ते थेट माझ्याकडे येईल.

तुझी,
मालू