कपाटातले टोमॅटो

२२ नोव्हेंबर

कपाटाचा खरा खर्च: दिव्यांच्या दोन पट्ट्या, नऊ हजार चारशे दिनार. पंखा फुकट — बेकरीवाल्याकडचा जुना, मीच बसवलेला, मीच काढून आणला. वायर घरातलीच. आणि बायकोचे, देसांकाचे, तीन कोट.

कोट काढल्याशिवाय कपाट रिकामं होईना. पलंगावरून बघत होती. तपकिरी कोट हातात घेतला तेव्हा म्हणाली, “तो रोसांदाला दे. आता कुठे जायचंय मला?”

मी म्हटलं, टोमॅटो आले की परत टांगू. हसली. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंतच म्हटलंय, तेही जमिनीकडे बघत.

२४ नोव्हेंबर

बिया अकरा. तिच्या आईच्या हातच्या, बँकेच्या जुन्या पाकिटात. गावचं घर विकलं, परसात आता कोणाची तरी गाडी उभी असते. त्या जातीचं बी आणखी कुणाकडेही नाही — चौकशी केली. सरळ मार्ग म्हणजे मार्चमध्ये बाल्कनीत लावायचं. पण मग फळ जुलैत. जुलै आपला नाही.

म्हणून कपाट. रुंदी एक मीटर वीस, खोली साठ, उंची दोन चाळीस. मागची भिंत न्हाणीघराच्या धुराड्याला लागून — हे नशीबच! वर दहा सेंटीमीटरचं भोक पाडून पंखा. दमट हवा धुराड्यात. खाली, बाजूच्या फळीत, हवा आत यायला भोक — बाहेर जायच्या भोकाच्या दीडपट हवं. लोक इथेच चुकतात. पंखा मोठा आणतात आणि हवा कुठून येणार ते विसरतात.

वीज. या खोलीची तार जुनी, अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर देसांकाचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. तिथे एक बल्बही वाढवणार नाही. कपाटाला स्वयंपाकघरातून वेगळी तार, वेगळा फ्यूज. कपाट जळून गेलं तरी यंत्र चालू राहील.

दिवे रात्री लावायचे — अकरानंतर वीज स्वस्त. सकाळी आणखी सहा तास. देसांका म्हणते, “म्हणजे आमच्याकडे सूर्य रात्री उगवणार.”

२६ नोव्हेंबर

भिंत फोडली. दोनच्या ठोक्याला थांबलो, तरी वरच्या मजल्यावरचा ओब्राद खाली आलाच. इमारतीचा अध्यक्ष! “मिस्त्री, दुपारच्या झोपेची वेळ आहे, पाटी वाचता येते ना?” मग कपाटात डोकं घातलं. दिवे, पंखा, चंदेरी कागद. आवाज एकदम खाली. “या वयात गांजा?”

“टोमॅटो.”

“हो, हो. माझ्या पुतण्यानेही पोलिसांना टोमॅटोच सांगितले होते.”

देसांका इतकी हसली की खोकला लागला. तो थांबायला वीस मिनिटं.

१३ डिसेंबर

अकरांतल्या चार उगवल्या. सात मेल्या. मेल्या म्हणजे काय, आधीच मेलेल्या होत्या. पाकिटात.

१९ डिसेंबर

आमच्या कुळाच्या संताचा दिवस. मासा केला, संताच्या नावाचा पाव कापला. पाहुणी एकच — रोसांदा, देसांकाची धाकटी बहीण. कोट घालून आली होती, तपकिरी. तोच.

मग कपाटातून बारीक घरघर ऐकू आली तिला. “भाओजी! हे काय? खिडकीच्या फटीतून आत, इकडून बाहेर — आजारी माणसाच्या खोलीत आरपार वारा?”

“पंखा आहे, रोसांदा.”

“आमच्या मामांना असाच वारा लागला होता. तोंड वाकडं झालं!”

“मामांना रोज लिटरभर दारू लागायची.”

“ती आयुष्यभर लागत होती. वारा एकदाच लागला!”

मी चहा करायला गेलो तेवढ्यात बाईने वरच्या भोकात वर्तमानपत्र कोंबलं. ओरडलो. चाळीस वर्षं पंखे बसवतोय — बेकऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, एक कत्तलखाना. वाऱ्याने मेलेला एकही माणूस पाहिला नाही!

२८ डिसेंबर

देसांका बाथरूमच्या वाटेवर पडली. हाड शाबूत, पण डॉक्टर म्हणाले, आता उठवायचं नाही. सगळं पलंगावरच. माझी घडीची खाट तिच्या आणि कपाटाच्या मधे लावली. डोकं कपाटाकडे, खालच्या भोकाशी. तिचा श्वासही ऐकू येतो आणि पंखाही. माझे कान असे आहेत की पंख्याचा सूर केसभर बदलला तरी झोपेतून जाग येते.

७ जानेवारी

आमचा नाताळ, जुन्या कॅलेंडरचा. मान आखडली. देसांका म्हणाली, “त्या भोकाशी डोकं ठेवून झोपतोस, वितो. वारा लागलाय.”

“तूसुद्धा?”

“मफलर तरी गुंडाळ.”

“मी मफलर गुंडाळून झोपलो तर रोसांदा जिंकली.”

झाडं वीत-दीड वीत. चारही!

१५ जानेवारी

बाजारात जायला मफलर शोधला, राखाडी. नाही सापडला. बेकरीत विसरलो असेन.

२२ जानेवारी

मान मोकळी! रोज रात्री दोन घोट पोटात आणि चार थेंब मानेवर — आलुबुखाराची दारू. देसांकाला म्हटलं, बघ, वारा-बिरा काही नाही. “बरं झालं,” म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पंखा किंचित रडतोय. बेअरिंग गेलं असणार. तेल दिलं.

३ फेब्रुवारी

खालच्या पानांवर करडी बुरशी. दाराला आतून पाणी सुटलंय, मुठीने पुसावं इतकं. हवा हलत नाही, आणि पंखा तर फिरतोय! वरचं भोक तपासलं, धुराड्यात हात घालून पाहिलं. मोकळं. खालचं कशाला बघू — त्यावर तर मी स्वतः रात्रभर पहारा देतो.

रोसांदाच. काहीतरी कोंबते आणि जाताना काढून नेते. तोंडावर विचारलं. “आईच्या बियांवर मी हात टाकीन?” म्हणाली. कोट घातला, गेली.

देसांका: “तिने नाही केलं.”

“तू बहिणीची बाजू घेणारच.”

“तिला बोलाव, वितो.”

नाही बोलावलं.

११ फेब्रुवारी

दुप्पट ताकदीचा पंखा लावला. आवाज आणखी वाईट. एक झाड गेलं.

२४ फेब्रुवारी

आणखी दोन. राहिलेल्या एकाला सात फुलं आली होती. दमट हवेत पराग चिकटून बसले, सगळी गळली. पिवळी, जमिनीवर.

देसांकाला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. आता वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागतं.

५ मार्च

शेवटच्या झाडाचं एक चांगलं पान तोडलं. बोटांत चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं. बराच वेळ. “आईचं परस,” म्हणाली. मग, “फळ नको होतं रे मला.”

मग काय हवं होतं, ते विचारायचं राहिलं. नर्स आली.

१२ मार्च

रोसांदा स्वतःच आली. पाच आठवड्यांनी. देसांकाने तिला ओळखलं, पण बोलता आलं नाही. दोघी हात धरून बसल्या. मी स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिलो.

१९ मार्च

शेवटचं झाड देठापाशी मऊ पडलं. उपटलं. बी नाही, फळ नाही. पाकीट फेकवेना, रिकामंच परत ठेवलं.

४ एप्रिल

सकाळी साडेसहाला. यंत्र चालूच होतं.

५ एप्रिल

फ्यूज एकदाही उडाला नाही. हे कोणाला सांगू?

१४ मे

चाळिसावा झाला. रोसांदाने रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा गहू शिजवून आणला, भांडी घासली, निघून गेली. खाटेची घडी घातली, पहिल्यांदाच. मागे, खालच्या भोकात, माझा राखाडी मफलर. पंख्याच्या ओढीने आत घट्ट बसलेला. दोन्ही हातांनी ओढावा लागला. टोक नीट घडी करून आत दुमडलेलं — देसांकाची घडी.

तिच्या पलंगापासून भोकापर्यंत पाच पावलं. उठली कधी, मला काहीच ऐकू आलं नाही. जानेवारीपासून माझी मान एकदाही दुखलेली नाही.