साक्षीला झाड चालत नाही

शाळेतल्या बाकाच्या डाव्या टोकाच्या माझ्या जुन्या सोबत्यास उजव्या टोकाचा सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींची तब्येत उत्तम असणार, कारण तुझ्या मागच्या पत्रात त्यांनी समासात तुझ्या चुका दुरुस्त केल्या होत्या. मी ठीक आहे. फक्त राहायला खोली उरेल की नाही, एवढाच प्रश्न आहे.

झालं असं, की घरमालकाला माझी खोली हवी आहे. इतकी वर्षं त्याने भाडं हातात घेतलं, पावती कधी दिली नाही (मीही मागितली नाही, भल्या माणसाकडे पावती मागायची म्हणजे चंद्राकडे दाखला मागायचा, असं मला वाटे). आता कोर्टात म्हणतो, म्हातारा भाडेकरू नव्हेच, दया म्हणून ठेवलेला पाहुणा आहे. वकिलाची फी ऐकून मी चहासुद्धा न पिता जिना उतरलो. खालच्या शिंपिणीने सांगितलं, लॉ कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडला लागून एक खोली आहे, तिथली पोरं गरिबांची कामं फुकट करतात. कोर्टात उभे त्यांचे सर राहतात, पण आपल्याला घासूनपुसून तयार करायचं काम पोरांचं.

पोरं कसली, मिसरूडही धड फुटलेलं नाही. पण काम बघ. एक जण बहिऱ्या वॉचमनला त्याचा अर्ज वाचून दाखवत होता, तो वॉचमन सोडून सगळ्या गल्लीला कळला. घसा बसल्यावर पोराने तोच मजकूर ठळक अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरला. चिडला मात्र नाही. माझ्या वाट्याला एक चष्मेवाली आली. तिने विचारलं, "आजोबा, कधीपासून राहता?" मी म्हटलं, "खिडकीबाहेरचं झाड माझ्या खांद्याला लागत होतं, तेव्हापासून." (पुढे आणखी दोन कडवी झाली.) तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण झाड साक्षीला येणार नाही. माणूस सांगा."

मग त्यांनी खोटं कोर्ट भरवलं. बांबू नावाने ओळखला जाणारा एक उंच पोरगा मालकाचा वकील झाला. असा काही गरजला, की मी हात जोडून म्हणालो, "चुकलं साहेब, उद्याच खोली सोडतो." सगळ्यांनी कपाळाला हात लावला. बांबू धावत पाणी घेऊन आला. "आजोबा, मी खरा वकील नाहीये हो. माझे अजून दोन विषय राहिलेत." स्वतःची परीक्षा तोंडावर असताना त्यांनी ती तालीम पुन्हा पुन्हा घेतली. शेवटी मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, "मी भाडेकरू आहे." बस. उपमा नाही, यमक नाही. चष्मेवालीने टाळी वाजवली. खरं सांगतो, वर्गात कविता पाठ म्हटल्यावरही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
उजव्या टोकाचा

ता. क. सोमवारी तारीख आहे आणि माझा साक्षीदार तू आहेस. आदल्या दिवशी ये, बांबूसमोर तुझी तालीम होईल. तो ओरडला म्हणून माझी खोली सोडून देऊ नकोस.

ता. क. दुसरा. साक्ष अगदी छोटी आहे. तू मुक्कामाला होतास तेव्हा मालक पहाटे दार ठोठावून ओरडला होता, "भाडेकरू तू आहेस, हा घोरणारा कोण?" सर म्हणतात, खटला या एका वाक्यावर उभा आहे. तेव्हा तू घोरतोस, हे भर कोर्टात कबूल करावं लागेल.

ता. क. तिसरा. तू ते जन्मभर नाकारत आलास, हे मी पोरांना सांगितलं. म्हणून चष्मेवालीने सरांना विचारून वहिनींनाही साक्षीला बोलावलं आहे. फोनवर त्या लगेच हो म्हणाल्या. म्हणे, याच दिवसाची वाट बघत होते.